पंतोजींची शाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी शाळा येण्याआधी, आणि त्या आल्यावरही पुढची पन्नास-साठ वर्षं, महाराष्ट्रातल्या मुलग्यांचं प्राथमिक शिक्षण प्रामुख्याने पंतोजींच्या खासगी शाळेत होई. मोडी ही जुनी मराठी लिपी शिकणारी मंडळी, घरातले जुने कागद उलगडून बघणारे लोक आणि मुलांना पावकी-निमकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, शिकवू पाहणारे पालक या शाळेबद्दल मला सारखे तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

पंतोजी म्हणजे नक्की कोण?

गावातला किंवा पेठेतला लिहिता-वाचता येणारा, हिशेबात पक्का असलेला माणूस. त्याला कुणी नेमलेलं नसे, कुठली परीक्षा द्यावी लागत नसे. आपल्या ओसरीवर चार मुलं बसवली की शाळा सुरू. बहुतेक पंतोजी ब्राह्मण होते, पण सगळे नव्हेत. ‘तात्या पंतोजी’ हा शब्द पुढे थोडा हेटाळणीने वापरला जाऊ लागला, तो सरकारी शाळांतून शिकलेल्या पिढीने रूढ केला. माझ्या मते तो अन्याय आहे. तुटपुंज्या मिळकतीवर एकट्याने वीस-वीस मुलांना लिहितं करणारा हा माणूस होता.

ही शाळा खासगी कशी? दरबारातून काही मिळत नसे का?

नसे. पेशव्यांची श्रावणातली दक्षिणा वैदिकांना आणि शास्त्री-पंडितांना मिळे. वेदपाठशाळा आणि संस्कृत पाठशाळा हा वेगळा प्रवाह होता आणि त्याला राजाश्रय होता. मराठी लिहायला आणि हिशेब करायला शिकवणारा पंतोजी पालकांच्या पैशावर आणि धान्यावर जगे. कधी एखादा सावकार किंवा देशमुख आपल्या मुलांसाठी पंतोजीला वाड्यात जागा देई आणि त्याच जागेत शेजारपाजारची मुलंही येऊन बसत.

शाळा भरायची कुठे?

देवळाचा सभामंडप, धर्मशाळा, वाड्याची पडवी, पंतोजींची स्वतःची ओसरी. शाळेसाठी बांधलेली इमारत हा प्रकारच नव्हता.

मुलाला कितव्या वर्षी घालत? पहिल्या दिवशी काय होई?

साधारण सहाव्या-सातव्या वर्षी, मुहूर्त बघून. नारळ, सुपारी, पंतोजींना दक्षिणा आणि बाकी मुलांना खाऊ. पंतोजी नव्या मुलाचा हात धरून पहिली अक्षरं काढून घेत : श्रीगणेशाय नमः आणि मग ओम् नमः सिद्धम्. मुलांच्या तोंडी त्याचं झालं ‘ओनामासीधं’. आपण कशाचाही ‘श्रीगणेशा’ करतो किंवा ‘ओनामा’ करतो, तो याच पहिल्या दिवसामुळे.

धूळपाटी कशी असे?

हातभर लांबीची लाकडी फळी. तिच्यावर विटकरीची बारीक पूड किंवा गाळलेली माती पसरायची, तळव्याने सारखी करायची आणि बोथट काडीने अक्षर काढायचं. चुकलं की फळी हलवायची. अक्षर गेलं, पाटी पुन्हा कोरी.

ही युक्ती फार विचारपूर्वक केलेली आहे असं मला वाटतं. कागद महाग होता, तो चुकांवर घालवणं परवडणारं नव्हतं. शिवाय मातीवर काडी ओढताना हाताला थोडा अडसर होतो, त्यामुळे मूल घाई करू शकत नाही. आधी पंतोजींनी काढलेल्या अक्षरावरून काडी फिरवायची, मग त्याच्या शेजारी स्वतः काढायचं. मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं, नावं, असं करत कित्येक महिने गेल्यावर हात बसला की मगच बोरू हातात मिळे. बोरूचं टोक तिरकं कापायचं, काजळ आणि डिंक घोटून केलेली शाई दौतीत, आणि लिहून झालं की ओल्या अक्षरांवर बारीक वाळू टाकून ती झटकायची. जुन्या दप्तरातला कागद उलगडताना अजूनही कधीकधी त्यातली वाळू बोटांना लागते.

मोडीच का? बाळबोध, म्हणजे देवनागरी, शिकवत नसत का?

शिकवत, पण वाचण्यापुरती. पोथ्या बाळबोधीत असत. पत्रं, खतं, वह्या, वसुलाचे कागद सगळे मोडीत, म्हणून हाताला वळण मोडीचं लावायचं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घेतात आणि मग बोरू होता होईतो न उचलता रेघेखाली अक्षरं गुंफत जातात. वेग हे तिचं मुख्य काम. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तीत पाळत नाहीत, त्यामुळे आज शुद्धलेखनाच्या ज्या तक्रारी आपण करतो त्यांना पंतोजींच्या शाळेत जागाच नव्हती. अक्षर सुवाच्य आणि एकसारखं आहे की नाही, हीच कसोटी.

पुस्तकं कोणती होती?

छापील एकही नाही. पंतोजी ओळ घालून देत तो कित्ता, मोठ्या मुलांना वाचायला जुनी पत्रं आणि कागद, आणि तोंडपाठ श्लोक. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईत मराठी क्रमिक पुस्तकं छापायला सुरुवात झाली. ती खेड्यातल्या ओसरीपर्यंत पोहोचायला बराच काळ गेला.

पावकी, निमकी, औटकी हे काय प्रकरण आहे?

हा या शाळेचा गाभा. लिहिणं एक वेळ बेताचं असलं तरी चाले, हिशेब मात्र चोख लागे.

आधी उजळणी, म्हणजे शंभरापर्यंत आकडे. मग बे एके बे पासून पाढे. ते पक्के झाले की अपूर्णांकांचे पाढे. पावकी म्हणजे पावचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडचा, अडीचकी अडीचचा आणि औटकी साडेतीनचा. औट म्हणजे साडेतीन. माणसाच्या देहाला ‘औट हाताचा देह’ म्हणतात, त्यातलं औट हेच. तेरा पाव सव्वातीन, सात पाऊण सव्वापाच, सात दीड साडेदहा, नऊ औट साडेएकतीस, असं मुलं एका सुरात म्हणत.

एवढे अपूर्णांक कशाला, असं हमखास विचारलं जातं. कारण बाजारच तसा होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचा अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. सगळी मापं निम्म्या-निम्म्याने उतरणारी. आपली भाषाही तशीच आहे. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन यांना स्वतंत्र शब्द आहेत आणि ते बोलताना आपल्याला मनात भागाकार करावा लागत नाही. पंतोजींनी भाषेत असलेली ही सोय मुलांच्या पाठांतरात आणली.

माझे आजोबा पंतोजींच्या शाळेत गेले नव्हते, पण त्यांच्या सरकारी मराठी शाळेतही हे पाढे होतेच. दुधाचा हिशेब ते अंगणात उभ्याउभ्या करत. रोज पावणेदोन शेर दूध, तीस दिवसांचं साडेबावन्न शेर, भाव साडेतीन आणे. ते बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवून पुटपुटायचे : पन्नास औट पावणेदोनशे, अडीच औट पावणेनऊ, झाले पावणेएकशेचौऱ्यांशी आणे. अकरा सोळे गेले एकशेशहात्तर. अकरा रुपये पावणेआठ आणे. कागद नाही, पेन्सिल नाही. गवळ्याचंही उत्तर तेवढंच आलेलं असे, कारण त्यालाही औटकी येत होती.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि आण्यांचा संसार संपल्यावर हे पाढे हळूहळू शाळेबाहेर पडले.

शाळेची वेळ आणि सुट्या?

सकाळी लवकर एक बैठक, मग जेवणाला घरी, दुपार उतरल्यावर दुसरी बैठक ती दिवेलागणीपर्यंत. शेवटी परवचा. सगळी मुलं उभी राहत, एक मोठा मुलगा पाढा सांगे आणि बाकीचे मागून म्हणत. जो अजून धूळपाटीवर आहे त्याच्याही कानावर दिडकी पडत असे, त्यामुळे तिथवर पोहोचेपर्यंत ती त्याला अर्धी येतच असे.

अमावास्या-पौर्णिमेला सुटी. रविवारची सुटी सरकारी शाळांबरोबर आली. सणावारी शाळा बंद, पण दसऱ्याला पाटीपूजन. पाटीवर एकाच्या आकड्यांची नक्षी जुळवून सरस्वती काढायची. ही सरस्वती अजून कित्येक घरांत काढली जाते. तुमच्याकडे काढत असतील तर मुलांना तिचे आकडे मोजायला सांगा.

एकटा पंतोजी सगळ्या वयाच्या मुलांना कसं शिकवी?

मोठी मुलं लहानांना शिकवत. इयत्ता नव्हत्या, वार्षिक परीक्षा नव्हती, नापास होणं नव्हतं. ज्याची बाराखडी झाली तो पुढे, ज्याची नाही तो अजून तिथेच. पंतोजी फिरून बघत, कित्ता घालून देत आणि हिशेबाच्या मुलांकडे जास्त वेळ बसत.

याला एक मोठी साक्ष आहे. अँड्र्यू बेल नावाचे पाद्री मद्रासमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवत. देशी शाळेतली मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढताना पाहून त्यांनी ती रीत आपल्या शाळेत आणली आणि एका मुलाने दुसऱ्याला शिकवण्याची पद्धत बसवली. १७९७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये त्यावर पुस्तिका छापली आणि इंग्लंडमध्ये गरिबांच्या हजारो मुलांना त्या पद्धतीने शिकवलं गेलं. पुढे मुंबईत इंग्रजांनी शाळा काढल्या तेव्हा त्याही याच पद्धतीने. म्हणजे आपल्याच दक्षिणेतली गोष्ट विलायतेला जाऊन परत आली.

फी किती होती?

ठरलेली नव्हती. धूळपाटीवरच्या मुलाची कमी, हिशेबाला लागलेल्याची जास्त, गरिबाकडून दाणे, सधनाकडून काही आणे. सणाला शिधा, मुलाची मुंज झाली की पागोटं किंवा धोतरजोडी. १८२० च्या दशकातल्या नोंदींवरून पंतोजीची मिळकत महिन्याला जेमतेम तीन ते पाच रुपये दिसते. एवढ्यावर घर चालवून शिवाय रोज दोन वेळा शाळा भरवायची.

शिक्षा खरंच इतक्या कडक होत्या का?

हो, आणि त्यावर मी पांघरूण घालणार नाही. हातावर छडी, अंगठे धरून ओणवं उभं करणं, कान धरून उठाबशा हे रोजचं. शाळा चुकवून लपून बसलेल्या मुलाला आणायला पंतोजी चार थोराड मुलं पाठवत. ती त्याचे दोन हात आणि दोन पाय धरून त्याला अधांतरी उचलून शाळेत आणत. ही उचलबांगडी. बदली झालेल्या अधिकाऱ्याबद्दल आपण हा शब्द आज सहज वापरतो. सहा-सात वर्षांच्या मुलाची गावासमोर अशी वरात निघत असेल तेव्हा त्याला काय वाटत असेल, याचा विचार केला की मला त्या शाळेचं कौतुक जरा जपून करावंसं वाटतं.

मुली शाळेत जात का? आणि सगळ्या जातींची मुलं?

मुली जवळपास नाहीतच. सरदार-सावकारांच्या घरच्या काही बायका घरीच लिहायला शिकल्या, पण ओसरीवरच्या शाळेत मुलगी बसत नसे.

मुलग्यांतही सगळे नव्हते. ज्यांच्या घरी लिखापढीचं काम होतं, म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, वाणी, सोनार, त्यांची मुलं प्रामुख्याने. कुणबी-माळ्यांची थोडी. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना दारच बंद. ही शाळा कुणाच्या हुकमाने चालत नव्हती, त्यामुळे तिला कुणी जाबही विचारू शकत नव्हतं. पंतोजी आणि फी देणारे पालक मिळून ठरवत, कोण आत बसणार.

जोतीराव फुल्यांचं बालपण इथे आठवावं लागतं. सातव्या वर्षी, १८३४ मध्ये, त्यांना पंतोजींच्या शाळेत घातलं आणि काही वर्षांत काढूनही घेतलं. माळ्याच्या पोराला शिकवून काय करायचं, अशी समजूत वडिलांच्या दुकानातल्या एका कारकुनाने घातली होती. गफारबेग मुन्शी आणि लिजीटसाहेब या शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत काढली म्हणून १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा शिकू लागले. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा त्यांनी आणि सावित्रीबाईंनी काढली ती हे सगळं सोसून.

१८८२ मध्ये सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्याच जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करावं अशी मागणी केली आणि प्राथमिक शाळेत काय शिकवावं तेही लिहिलं : मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य. पंतोजींच्या शाळेतलं मोडी आणि हिशेब त्यांनी ठेवलं. त्यांना ते सगळ्यांसाठी हवं होतं, आणि त्याच्या जोडीला जगाची ओळख हवी होती. या शाळेबद्दल इतकं समतोल मत मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

अशा शाळा किती होत्या? इंग्रजांच्या आधी गावोगाव शाळा होती हे खरं का?

१८२१ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरच्या कौन्सिलातले सभासद प्रेंडरगास्ट यांनी लिहून ठेवलं की, आपल्या मुलखात लहानमोठं असं एकही गाव क्वचितच असेल जिथे निदान एक शाळा नाही. हे वाक्य आज वारंवार फिरत असतं.

पण माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, १८२४ मध्ये, त्यांच्या सरकारने कलेक्टरांकडून प्रत्यक्ष आकडे मागवले. १८२९ पर्यंत जुळवलेल्या हिशेबात साऱ्या मुंबई इलाख्यात सुमारे १,७०० शाळा आणि ३५ हजारांच्या आसपास मुलं निघाली. त्यात सरकारी शाळा पंचविसाच्या घरात, बाकी सगळ्या पंतोजींच्या. वस्ती तेव्हा ४६ लाखांवर मोजली होती. म्हणजे सव्वाशे-दीडशे माणसांमागे एक शाळकरी मुलगा. गावोगाव शाळा नक्कीच नव्हती. घरी शिकणारी मुलं या मोजणीत आली नाहीत, हेही ध्यानात ठेवायला हवं.

१९३१ मध्ये लंडनमध्ये गांधीजींनी हिंदुस्थान पन्नास-शंभर वर्षांपूर्वी जास्त साक्षर होता असं म्हटलं आणि इंग्रज शिक्षणतज्ज्ञ फिलिप हार्टॉग यांनी त्याला आव्हान दिलं. त्या वादात आपल्या इलाख्याची बाजू तपासायला शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर पुढे आले आणि त्यांनी १८२० ते १८३० च्या पाहण्यांचे जुने कागद एकत्र करून छापले. अभिमानाने बोलायचं असेल तर ते कागद वाचून बोलावं, एवढंच मी विचारणाऱ्यांना सांगतो.

मग या शाळा बंद कशा पडल्या?

एका दिवसात नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर (कंपनी सरकारच्या शिक्षण धोरणाचा हा कागद) १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खातं आलं. खात्याने स्वतःच्या शाळा वाढवायचं धोरण धरलं आणि देशी शाळांना मदत जवळजवळ दिलीच नाही. तरी १८८२ च्या सुमारास इलाख्यात अशा चार हजारांच्या घरात शाळा आणि त्यांत पाऊण लाखाहून जास्त मुलं होती. हंटर आयोगाने त्यांना अनुदान देऊन सुधारावं असं सुचवलं, पण मदतीबरोबर हजेरीपट, तपासणी आणि ठरलेला अभ्यासक्रम आला. ओसरीवरच्या म्हाताऱ्या पंतोजीला तो झेपणारा नव्हता.

पालकांचंही गणित बदललं. सरकारी नोकरीला सरकारी शाळेचा दाखला लागे, पंतोजीकडे दाखला नव्हता. पुढे बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं मोफत शिक्षण आणलं. जिथे फी नाही आणि कुणालाही आत बसायचा हक्क आहे अशी शाळा गावात आली. ते व्हायलाच हवं होतं.

आज त्या शाळेचं काय उरलं आहे?

वास्तू नाही, कारण ती कधी नव्हतीच. उरले आहेत ते शब्द. कुणाचा कित्ता गिरवणं, तक्रारींचा पाढा वाचणं, धुळाक्षरं गिरवणं, मुलाला वळण लावणं, झालेल्या धड्याची उजळणी, कोऱ्या पाटीने सुरुवात. वळण हा शब्द तर अक्षरावरून माणसाच्या वागण्यापर्यंत गेला.

माझ्या मुलाला हे पाढे शिकवू का? कुठून सुरुवात करू?

जरूर शिकवा, पण घोकंपट्टी करून घेऊ नका. पावकीपासून सुरू करा आणि एक भाकरी समोर ठेवा. तिचे चार तुकडे करून मुलालाच म्हणू द्या : एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. मग निमकी, मग दिडकी. दहापर्यंतच घ्या. रोज दिवे लागल्यावर पाच मिनिटं, तुम्ही सांगायचं आणि त्याने मागून म्हणायचं. आठवड्याने त्याला बाजारात न्या आणि साठ रुपये किलोच्या टोमॅटोचे सव्वा किलोला किती झाले ते तराजूवाल्याच्या आधी सांगायला लावा. औटकीची घाई करू नका. दिडकी बिनचूक यायला लागली की मूल स्वतःच पुढचं मागतं.